बरं, पाऊसपाणी?

पुण्याकडचा माणूस मराठवाड्यात आला की त्याला पहिला धक्का उन्हाचा बसतो आणि दुसरा प्रश्नांचा. "कधी आलाव? घरचे समदे बरे हायेत? जेवण झालं का? पाऊसपाणी काय म्हणतंय तुमच्याकडं?" पाहुणा बिचारा प्रामाणिकपणे पर्जन्यमान सांगू लागतो, तर विचारणारा पानाला चुना लावण्यात गुंग! त्या पाहुण्याला कुणीतरी सांगायला हवं, की बाबा रे, हे प्रश्न म्हणजे सतरंजी. आधी ती अंथरायची, मग बसायचं.

१९२३ साली मालिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाने असल्या बोलण्यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, या बोलण्यात माहिती शोधू नका. माणसाला माणूस जोडला जातो, एवढंच त्याचं काम. हे कळायला त्याला थेट पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर राहावं लागलं. नांदेडच्या स्टेशनावर त्याची एखादी पॅसेंजर लेट झाली असती तरी भागलं असतं.

आमच्या या बोलण्यात अदब आली ती हैदराबादहून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. कचेरीचं काम उर्दूत, खिशात हाली सिक्का, कलेक्टरला म्हणायचं अव्वल तालुकदार. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आमचे आजोबा नांदेडला अर्जनवीस होते. घरात ते ठेठ मराठी बोलत. पण ओसरीवर आले की भाषा शेरवानी चढवायची. वारीहून आलेल्या माळकऱ्यालासुद्धा "तशरीफ ठेवा" म्हणत आणि तोही बुक्का सावरत "मेहरबानी" म्हणे. निरोप घेणं हा तर तीन अंकी प्रयोग असे. एकदा बैठकीवरून उठायचं, एकदा चपलांपाशी थांबायचं, एकदा फाटकाशी. माणूस ज्या कामासाठी आलेला असे ते काम चपलांपाशी निघायचं. बैठकीत काम काढणारा माणूस आजोबांच्या मते एकतर सावकार तरी असावा, नाहीतर डॉक्टर.

पण ही नुसती नजाकत होती असं कुणी समजू नये. निजामाच्या राज्यात जाहीर सभेला आधी सरकारची परवानगी लागे. त्या हुकमाचं नाव 'गश्ती निशान ५३'. नाव ऐकूनच माणूस खाली बसावा! आता सभा बंद करता येते. पण दोन माणसं पाराखाली बसून जोंधळ्याच्या भावाबद्दल बोलताहेत, त्यांना काय कलम लावणार? आजोबा सांगत, रझाकारांच्या दिवसांत "तुमच्याकडं आभाळ कसं आहे?" असं विचारलं की त्याचा ढगांशी संबंध असेलच असं नव्हे. "आज जरा भरून आलंय" म्हटलं की ऐकणारा वाट बदलून घरी जाई. आजोबांना सगळंच थोडं फुगवून सांगायची सवय होती. हे मात्र मी खरं मानतो. कारण पुढं राज्य बदललं, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी ते राजकारणाबद्दल बोलायचं झालं की आधी खिडकीतून आभाळ पाहून घेत.

इंग्रज हवेबद्दल बोलतो, कारण त्याच्याकडे पाऊस सारखा येतो. आम्ही बोलतो, कारण येत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्याने पाहिला त्याच्यापुढे पावसाला हवापाण्याच्या गप्पा म्हणून बघा!

मार्च २०१६ मध्ये तर लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. पाचांहून जास्त माणसांनी जमायचं नाही. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवसांत मी आत्याकडे होतो. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या, मग बाकी सगळं. त्या उन्हाळ्यात जो येई तो तांब्या दिसताच म्हणे, "नको नको, आत्ताच पिऊन आलो." ओठ फुटलेले, गळ्यात घामाचा टॉवेल आणि म्हणे पिऊन आलो! चहाला नाही म्हणायची रीत जुनी; पाण्याला नाही म्हणणारे मी तेव्हाच पाहिले. आत्या आग्रह करायची, पाहुणे हात जोडायचे. दोघांनाही हंड्यात किती उरलंय ते ठाऊक.

एके दुपारी सोलापूरचे व्याही आले. त्यांनीही तांब्याला हात लावला नाही. आत्यानं पेला भरून त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या हो भाऊसाहेब, तुमच्यासारखंच रेल्वेनं आलंय. माघारी कसं धाडायचं?"

व्याही हसले आणि पेला रिकामा केला. मग म्हणाले, "बरं, पाऊसपाणी?"