परीक्षा सरकारची, मोटार कोणाची?

केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मध्ये वाहनचालन परीक्षेविषयी एक साधे वाक्य आहे. ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा असेल, त्या प्रकारचे सुस्थितीतील वाहन अर्जदाराने उपलब्ध करावे आणि नेमून दिलेल्या वेळी, नेमून दिलेल्या स्थळी परीक्षेस हजर राहावे, असा त्याचा आशय. नियम वाचताना हे वाक्य नजरेतून सहज निसटते. परंतु आपल्या परिवहन कार्यालयांचा गेल्या कित्येक दशकांचा व्यवहार समजून घ्यायचा असेल तर सुरुवात येथूनच करावी, असे माझे मत आहे. परीक्षा शासन घेते. परीक्षेचे साधन मात्र परीक्षार्थ्याने आणायचे. लोकसेवा आयोगही उमेदवाराला लेखणी घरूनच आणावयास सांगतो, हे खरे. पण लेखणी आणि मोटार यांच्या किमतीत थोडे अंतर आहे.

ही प्रथा आली कोठून? मोटार चालविण्यासाठी परीक्षा घेण्याची कल्पना प्रथम पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ मध्ये अमलात आणली. त्या काळी मोटार ही धनिकांची हौस होती. ज्याच्याकडे मोटार आहे तोच परवाना मागणार, तेव्हा त्याने ती घेऊन यावे, यात कोणालाही काही वावगे वाटले नसावे.

इंग्लंडने मात्र परीक्षेला बराच उशीर केला. १९०३ च्या कायद्याने पाच शिलिंग भरले की परवाना मिळे. गाडी चालविता येते की नाही, हे कोणी विचारीत नसे. १९३४ साली तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली, आणि तेव्हा देशात वाहने होती जेमतेम चोवीस लाख. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांसाठी परीक्षा सक्तीची झाली. शुल्क होते साडेसात शिलिंग. आरंभी परीक्षा केंद्रेही नव्हती. परीक्षक रेल्वे स्थानक, उद्यान किंवा नगरभवन अशा ठरलेल्या जागी उभा राही आणि उमेदवार मोटार घेऊन त्याला भेटे. परीक्षार्थ्याच्या मोटारीत परीक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक नसतो, तेव्हा हे काम धैर्याचेच म्हणावे लागेल. तरीही त्या समाजात मोटारींचा प्रसार इतका झाला होता की व्यवस्था चालून गेली.

आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने चालकाला परवाना आवश्यक केला आणि तपशील प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविला. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याची पार्श्वभूमी समजून घेण्यासारखी आहे. १९२७ च्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्त्यांसाठी पेट्रोलवरील करातून स्वतंत्र निधी असावा, ही त्या समितीची सूचना. पण रस्ते सुधारले, बसगाड्या वाढल्या आणि रेल्वेच्या उत्पन्नाला धक्का बसू लागला. मिचेल आणि किर्कनेस या अधिकाऱ्यांचा १९३३ चा अहवाल याच रेल्वे-रस्ता स्पर्धेविषयी होता. १९३९ च्या कायद्यामागील मुख्य विवंचना ही होती. तिच्या मानाने चालकाची परीक्षा हा दुय्यम विषय. परीक्षेचा तपशील कायद्याच्या परिशिष्टात आला आणि ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा त्याच प्रकारच्या वाहनात ती घ्यावी, असे ठरले. ते वाहन सामान्य माणसाने आणायचे कोठून, या प्रश्नाला त्या चौकटीत जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. परमिट राज्यात अ‍ॅम्बॅसॅडर किंवा फियाट मिळण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, तरीही २०११ च्या जनगणनेत ज्या कुटुंबांकडे मोटार, जीप वा व्हॅन होती त्यांचे प्रमाण होते अवघे ४.७ टक्के. म्हणजे परवाना मागणाऱ्यांपैकी अनेकांना मोटार उसनी आणणे भाग होते. काहींना ती आप्तेष्टांकडून मिळे. उरलेल्यांसाठी मोटार ट्रेनिंग स्कूल होते. तेथे मोटार मिळे, शिकविणारा मिळे, अर्ज भरून देणारा मिळे, आणि परीक्षेच्या दिवशी ओळखीचा चेहरा मिळे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका अनिवार्य सेवेबरोबर एक दुर्मीळ साधन जोडले गेले, आणि ते साधन ज्याच्या हाती तो मध्यस्थ झाला. मध्यस्थाचा जन्म केवळ कोणाच्या लोभातून होत नाही. नियमाने मोकळ्या सोडलेल्या जागेतूनही होतो.

या मध्यस्थांविषयी एक गाजलेला अभ्यास आहे. मारियान बर्ट्रंड, सिमॉन जांकोव्ह, रेमा हन्ना आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत ८२२ अर्जदारांवर प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना लवकर परवाना मिळविल्यास बक्षीस देऊ केले, काहींना मोफत वाहनशिक्षण दिले, उरलेल्यांना तसेच सोडले. अधिकृत खर्च सुमारे ४५० रुपये असताना लोकांनी सरासरी १,१२० रुपये मोजले. परवाना मिळालेल्यांपैकी जवळजवळ साठ टक्क्यांनी परीक्षा दिलीच नव्हती, आणि स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा निम्म्याहून अधिक अनुत्तीर्ण ठरले. वरची रक्कम एजंटांमार्फतच जात होती. ज्याला गाडी येत नाही त्याचे काम एजंट सहज करून देत. रहिवासाचा पुरावा नसेल तर मात्र त्यांनाही अडचण येई. कागद चुकविणे कठीण, कौशल्य चुकविणे सोपे! मोटार कोणाची, हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. तो धागा मी जोडतो आहे. पण मध्यस्थाविना दार उघडत नाही, ही भावना समाजात का रुजली, याचे एक उत्तर मला त्या उसन्या मोटारीत दिसते.

इतर देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मोटार परीक्षार्थ्याचीच, आणि नव्याने गेलेला मराठी अभियंता मित्राची गाडी मागून परीक्षा देतो. इंग्लंडात स्वतःची मोटार चालते, परंतु परीक्षकासाठी जादा आरसा लावावा लागतो. जर्मनीत परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी नियंत्रणाच्या मोटारीतच, प्रशिक्षकाच्या उपस्थितीत होते. जपानमध्ये शासकीय केंद्रात थेट परीक्षा देणाऱ्याला केंद्राची मोटार मिळते. मोटार कोणाचीही असली तरी अडत नाही. जबाबदारी कोणाची, हे तेथे स्पष्ट असते.

आपण अजून चाचपडत आहोत. २०१९ मध्ये डेहराडून येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मोटारीच्या काचेवर स्मार्टफोन बसवून यंत्राकरवी परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. मोटार कोणतीही असो, निकाल शेजारी बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागील विचार. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची कल्पना आणली. सपाट प्रदेशात दोन एकर जागा असलेल्या अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील परीक्षेतून सूट मिळते. येथे मोटारीबरोबर परीक्षाही संस्थेकडे गेली. केरळमध्ये २०२४ साली परीक्षेचे नियम कडक करताना दुहेरी ब्रेक-क्लचची मोटार परीक्षेला नको, असेही सरकारने ठरविले. ड्रायव्हिंग स्कूल चालकांनी आंदोलन केले आणि काही अटी शिथिल कराव्या लागल्या. एका पायाखालच्या ब्रेकवरून राज्यभर वाद पेटला, तो उगाच नव्हे.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. या सर्वांचे खापर परवाना पद्धतीवर फोडणे अन्यायाचे होईल. रस्ते, वेग, मद्य, हेल्मेटचा अभाव ही कारणे आहेतच. पण ज्या देशाने चालकाची पारख हे आपले कर्तव्य मानले, त्याने पारख करण्याचे साधनही आपलेच मानावयास हवे होते. प्रत्येक परिवहन कार्यालयात दुहेरी नियंत्रणाच्या दोन-चार मोटारी ठेवाव्यात, माफक भाडे आकारावे. ज्याला स्वतःची मोटार आणायची असेल त्याने ती खुशाल आणावी. याला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. अंदाजपत्रकात एक छोटी तरतूद पुरेशी आहे. प्रशासनात मोठ्या सुधारणांची चर्चा पुष्कळ होते. अनेकदा प्रश्न एवढाच असतो, की नागरिकाला कार्यालयात रिकाम्या हाताने येता येते का.