अ‍ॅपमधला परका कोड : प्रस्तावना

यूपीआयने पैसे देताना एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अ‍ॅप बँकेचे असो, फोनपे असो की गूगल पे, पिन टाकण्याचे पान सगळीकडे जवळपास सारखेच असते. बँकेचे नाव, रक्कम, चार किंवा सहा आकड्यांची जागा आणि साधा कीपॅड. दादरच्या फूलबाजारात झेंडूचे पैसे देणाऱ्याला वाटते, आपण आपल्या नेहमीच्या अ‍ॅपमध्येच आहोत. प्रत्यक्षात ते पान त्या अ‍ॅपवाल्यांनी बनवलेले नसते. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘कॉमन लायब्ररी’तून येते. यूपीआय चालवणाऱ्या अ‍ॅपला ही लायब्ररी आपल्या पोटात बसवून घ्यावी लागते. पिनचे आकडे तिथल्या तिथे कुलूपबंद होतात, अ‍ॅपच्या हाती ते बंद गाठोडे तेवढे येते आणि ते त्याने पुढे पोचवायचे असते. अ‍ॅप लिहिणाऱ्याला आतले आकडे कळूच नयेत, अशी ही रचना आहे.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयचा आरंभ केला, तेव्हा त्यात २१ बँका होत्या. एका बँकेचे खाते दुसऱ्याच कुणाच्या अ‍ॅपमधून चालवू द्यायचे आणि तरीही पिन त्या अ‍ॅपवाल्याला कळू द्यायचा नाही, असा तो पेच होता. त्याचे उत्तर म्हणून जे पुढे आले ते एक एसडीके होते, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला आणि आपल्या अ‍ॅपमध्ये जोडायचा तयार कोड. रोज कोट्यवधी वेळा चालणारा हा परका कोड आपण सगळे वापरतो. या विषयाची ओळख करून द्यायला इतके चांगले उदाहरण दुसरे मला माहीत नाही. म्हणून वर्गात मी नेहमी याच पानापासून सुरुवात करते.

या पुस्तकाचा विषय आहे बाहेरच्या सेवा आणि बाहेरचे एसडीके मोबाइल अ‍ॅपमध्ये जोडण्याचे शास्त्र. ‘शास्त्र’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. अनेक ठिकाणी याकडे शेवटच्या दोन दिवसांत उरकायचे काम म्हणून पाहिले जाते. कंपनीच्या संकेतस्थळावरून चार ओळी उचलायच्या, आपल्या कोडमध्ये चिकटवायच्या, की चालले अ‍ॅप. चालते हे खरेच. पण काय चालू झाले, कुणाच्या परवानगीने, आणि उद्या बंद पडले तर उत्तर कोण देणार, हे प्रश्न त्या चार ओळींत कुठेच नसतात. ते विचारायला शिकणे हाच या विषयाचा अभ्यास.

सेवा आणि एसडीके यांत एक फरक आहे, तो आधी मनात पक्का करावा. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात बायका मिरच्या आणि गरम मसाला घेऊन डंकावर कुटायला जातात. डंक दुसऱ्याचा, माल आपला, आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत त्या तिथून हलत नाहीत. बाहेरची सेवा अशी असते: आपण निवडून काढलेला माल आपण तिच्याकडे नेतो, काय नेले ते आपल्याला ठाऊक असते. एसडीके म्हणजे डंकवाल्यालाच आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवणे. तो कुटायच्या मिरच्यांबरोबर फडताळातले डबेही पाहू शकतो. तांत्रिक भाषेत सांगायचे तर एसडीके बहुधा आपल्या अ‍ॅपच्याच प्रक्रियेत, अ‍ॅपला मिळालेल्या परवानग्यांनिशी चालते. लोकेशनची परवानगी वापरणाऱ्याने तुमच्या अ‍ॅपला दिली, तर ती आत बसलेल्या जाहिरातीच्या एसडीकेलाही मिळाली. त्या बिचाऱ्याला या दुसऱ्याचे नावही माहीत नसते.

याचे एक उदाहरण घेऊ. परळ हा रुग्णालयांचा भाग आहे. केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया ही सगळी इस्पितळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. समजा, अशा भागातल्या रुग्णांसाठी कुणी वेळ ठरवून देणारे एक छोटे अ‍ॅप लिहिले. वापर किती होतो हे कळावे म्हणून त्यात एक विश्लेषणाचे एसडीके जोडले. अशी एसडीके पुष्कळदा कुणी न सांगताही नोंदी ठेवतात: अ‍ॅप कधी उघडले, कोणते पान पाहिले, त्यावर किती वेळ गेला. पानाचे नाव ती कोडमधूनच उचलतात. प्रोग्रॅमरने सोयीसाठी पानाला ‘केमोथेरपी’ असे नाव दिले असेल, तर रुग्णाने ते पान उघडताच तो शब्द, फोनच्या ओळखचिन्हासह, बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. इथे कुणी चोरी केली नाही, कुणी खोटे बोलले नाही. एका माणसाने पानाला सरळ नाव दिले आणि दुसऱ्याने ठरल्याप्रमाणे नोंद केली, एवढेच घडले. तरी एका कुटुंबाने नातेवाइकांपासूनही जपलेली गोष्ट बाहेर गेलेली असते. मला या विषयाची ओढ लागली ती असल्या प्रसंगांमुळे. यात वाईट हेतू शोधून हाती काही लागत नाही; जोडणी नीट वाचावी लागते.

कायद्यानेही आता हीच बाजू घेतली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो आपल्या वतीने ती हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या कामालाही जबाबदार असतो. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘ते तर एसडीकेने केले’ हे उत्तर तिथे चालणार नाही. अ‍ॅपलने १ मे २०२४ पासून, सर्रास वापरल्या जाणाऱ्या ठरावीक एसडीकेंसाठी, ती कोणती माहिती घेतात याचा जाहीरनामा सोबत असणे सक्तीचे केले. मला हे पाऊल उशिराचे पण योग्य वाटते.

आता थोडे लोकलकडे वळू. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने तयार केलेले यूटीएस अ‍ॅप २०१४ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यात एक अट होती: स्टेशनच्या आवारात किंवा रुळांजवळ उभे राहून तिकीट काढता येणार नाही. कारण उघड आहे, टीसी दिसल्यावर कुणी खिशातून फोन काढू नये. अट एका वाक्यात मावते, पण ती पाळायची फोनने सांगितलेल्या जागेवरून, आणि फोनला जागा एका बिंदूसारखी कधीच माहीत नसते. त्याच्याकडे असते एक वर्तुळ. अँड्रॉइड फोन जागेबरोबर त्या वर्तुळाची त्रिज्याही मीटरमध्ये देतो, आणि त्याचा अर्थ असा की आपण त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. उरलेल्या ३२ टक्क्यांत आपण बाहेर कुठेही असू शकतो. आता हे वर्तुळ करी रोड किंवा चिंचपोकळीच्या रुळांलगतच्या चाळीवर ठेवून पाहा. घरात बसलेल्या माणसाला अ‍ॅप सांगू शकते की तुम्ही स्टेशनात आहात. परळ आणि प्रभादेवी ही दोन वेगवेगळ्या मार्गांवरची स्टेशने तर इतकी शेजारी आहेत की ४० मीटरच्या वर्तुळाला त्यांतले नेमके कोणते हे ठरवताना अडचण पडावी. बाहेरच्या सेवेचे उत्तर हा असा अंदाज असतो. त्याला सत्य मानून नियम लिहिला, की त्याचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो. सेवा काय देते याच्या जोडीला किती खात्रीने देते, हेही वाचायला शिकावे लागते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी भुयारी मेट्रो ३ चा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा आणि ‘मुंबई वन’ हे अ‍ॅप यांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. गिरगाव आणि काळबादेवीला मेट्रो मिळाली आणि लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट अशा ११ वाहतूक संस्थांची तिकिटे एका अ‍ॅपमध्ये आली. प्रवाशाला ही फार मोठी सोय आहे. अभ्यासकाने मात्र इथे थांबून विचार करावा: ११ संस्था म्हणजे ११ सर्व्हर, प्रत्येकाची बंद पडण्याची वेळ वेगळी, चुकीचा संदेश देण्याची तऱ्हा वेगळी, आणि या सगळ्यांना जोडणारी पैशाची व्यवस्था आणखी वेगळी.

पैशाची जोडणी हा या पुस्तकातला सर्वांत लांब भाग आहे, आणि तो तसा असायलाच हवा. प्रवासी जिन्यावर उभा राहून पैसे भरतो, पिन टाकतो, खात्यातून रक्कम जाते, आणि नेमके तेव्हाच नेटवर्क तुटते. बँकेच्या मते पैसे गेले. अ‍ॅपच्या मते काहीच झाले नाही. नवा प्रोग्रॅमर इथे दोन ठरावीक चुका करतो. एक, फोनवर परत आलेले ‘यशस्वी’ हे उत्तर खरे धरून तिकीट देऊन टाकतो. ते उत्तर फोनमधूनच आलेले असते आणि फोनमध्ये ते बनवताही येते, म्हणून खातरजमा आपल्या सर्व्हरने थेट पेमेंटवाल्याच्या सर्व्हरकडेच करायची. दोन, उत्तर आले नाही म्हणून तीच विनंती पुन्हा नव्याने पाठवतो आणि माणसाचे पैसे दोनदा कापले जातात. यावर उपाय जुना आणि सुंदर आहे: प्रत्येक व्यवहाराला पहिल्या विनंतीआधीच एक क्रमांक द्यायचा आणि तो कितीही वेळा पाठवला तरी परिणाम एकदाच होईल असे दोन्ही बाजूंनी पाळायचे. आणि उत्तर खरोखरच माहीत नसेल तेव्हा पडद्यावर ‘अयशस्वी’ लिहू नये. ‘चौकशी चालू आहे, पुन्हा पैसे भरू नका’ असे लिहावे. या एका वाक्याने लोकांचा किती मनस्ताप वाचतो, हे वेगळे सांगायला नको.

सगळे नीट लिहिले तरी परका कोड त्याच्या मालकाच्या मर्जीने बदलतो. ६ मे २०२० रोजी आयफोनवरची स्पॉटिफाय, टिकटॉक, पिंटरेस्टसारखी अनेक अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडू लागली. त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये त्या दिवशी काहीच बदलले नव्हते. फेसबुकने आपल्या सर्व्हरवर एक बदल केला, त्यातून आलेली माहिती अ‍ॅपमधल्या फेसबुकच्या एसडीकेला अपेक्षित आकाराची नव्हती आणि ते कोसळताना सोबत अख्खे अ‍ॅप घेऊन गेले. जे लोक फेसबुकने लॉगिन करत नव्हते त्यांचेही अ‍ॅप बंद पडले, कारण ते एसडीके अ‍ॅप सुरू होतानाच जागे होत होते. १० जुलैला हाच प्रकार पुन्हा घडला. कोणते एसडीके केव्हा जागे करायचे, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम राहत नाही. माझे मत विचाराल तर अ‍ॅप सुरू होताना परका कोड जितका कमी चालेल तितके बरे; गरज पडेल तेव्हाच त्याला हाक मारावी.

काही सेवा तर कायमच्या निघून जातात. ‘पार्स’ नावाची एक सेवा लहान अ‍ॅपना माहिती साठवायला जागा देत असे. २०१३ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करणार असे जाहीर केले आणि वर्षभराने, ३० जानेवारी २०१७ ला ती बंद झाली. वर्षाची मुदत दिली आणि सर्व्हरचा कोडही सर्वांसाठी खुला केला, हे त्यांनी सभ्यपणे केले. तरीही ज्यांच्या अ‍ॅपच्या प्रत्येक पानात पार्सची हाक थेट लिहिलेली होती, त्यांना बरेच काही नव्याने लिहावे लागले. ज्यांनी मध्ये आपला एक पातळ थर ठेवला होता, त्यांना मुख्यतः तो थरच बदलायचा होता.

मराठी वाचकाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट इंग्रजी पाठ्यपुस्तकांत मला क्वचितच भेटते. अ‍ॅप मराठीत असते, बटणे मराठीत असतात, आणि पैशाचे पान उघडले की अचानक सगळे इंग्रजी. अडचण आली तर तिचा संदेशही इंग्रजी. म्हणजे माणूस सर्वांत घाबरलेला असतो नेमक्या त्या क्षणी आपण त्याची भाषा काढून घेतो. एसडीके निवडताना त्याचे मजकूर आपल्याला बदलता येतात का, हा निकष किमतीइतकाच वरचा असावा, यावर मी ठाम आहे. एसएमएसचेही तसेच. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरी आली की ती मर्यादा ७० वर येते, आणि तीत प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. लांबलेला मराठी ओटीपी दोन संदेशांचा होतो आणि पैसेही दोन संदेशांचे पडतात. शिवाय दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांमुळे संदेशाचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, म्हणजे मराठी मजकुराची नोंदणी स्वतंत्रपणे करायची. खर्चाच्या नावाखाली मराठी पहिल्याच बैठकीत गळते. ७० अक्षरांत नेटका मराठी ओटीपी लिहिता येतो, आणि तो लिहिण्याचा सराव पुढे एका प्रकरणात दिला आहे.

या विषयात यायला मोठी तयारी लागत नाही. एका भाषेत साधे अ‍ॅप लिहिता येणे पुरे. गणिताची भीती बाळगू नये. पण वाचनाचा कंटाळा असेल तर मात्र तो सोडावा लागेल, कारण इथे कोडइतकेच करार, परवानग्या, बदलांच्या नोंदी आणि बंद पडल्याच्या घोषणा वाचाव्या लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते, की इथे तुम्ही मागे नाही. बेस्टच्या बसमध्ये उभ्याने तिकीट काढणारी आई किंवा इस्पितळाच्या रांगेत फोन दुसऱ्याच्या हातात देऊन ‘बघ रे, काय म्हणतोय तो’ म्हणणारे काका तुम्ही जवळून पाहिलेले असतात, आणि जोडणी कुठे तुटते हे अनेकदा तिथेच कळते.

पहिल्या प्रकरणाआधी एक काम करा. आपल्या फोनमधले रोजच्या वापरातले एक अ‍ॅप घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘ओपन सोर्स लायसन्स’ असे काही सापडते का ते पाहा. अनेक अ‍ॅपमध्ये ते असते. त्यातली नावे वहीत उतरवून घ्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून तेच अ‍ॅप उघडा. काय दिसते, काय अडकते, काय खोटे सांगते, आणि कोणत्या भाषेत, हे त्या नावांसमोर लिहा. ती वही घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.