मराठी साहित्यातील कुटुंबजीवन : नांदगाव परिसर

मराठी साहित्यातील कुटुंबजीवनाचे चित्रण समजून घेताना दोन शब्दांचे अर्थ ध्यानात घ्यावे लागतात. ‘कुटुंब’ हा शब्द घरातील सर्व माणसांचा वाचक असला, तरी जुन्या बोलण्यात पुरुष तो आपल्या पत्नीसाठीही वापरीत. ‘संसार’ या शब्दाने संतवाङ्मयात जन्ममरणाचे बंधन सूचित होते; व्यवहारात मात्र त्याचा अर्थ चूल, मुलेबाळे व नातीगोती यांनी भरलेले घर असा होतो. ज्यातून सुटावयाचे आणि जे नेटाने चालवावयाचे, त्या दोहोंना मराठीत एकच नाव आहे. या दुहेरी अर्थातील ताण कुटुंबविषयक मराठी लेखनात प्रारंभापासून जाणवतो. घराचा भार ज्यांनी वाहिला पण घराची सत्ता ज्यांच्या हाती नव्हती, त्यांच्याच मुखातून हे चित्रण प्रामुख्याने झाले, हेही त्याचे एक वैशिष्ट्य होय.

या परंपरेतील अनेक महत्त्वाच्या कृतींचा संबंध नांदगावच्या आसपासच्या प्रदेशाशी आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण. त्याच्या पश्चिमेस नाशिक, पूर्वेस खानदेश आणि दक्षिणेस मराठवाडा असे तीन प्रदेश येथे एकमेकांना भिडतात. मनमाड–औरंगाबाद लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळच्या लेण्यांकडे जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत.

वेरूळजवळच्याच देवगाव येथे संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांचा जन्म झाला. त्यांनी आपले आयुष्य अभंगांतून निवेदन केले असून मराठीतील स्त्रीलिखित आत्मचरित्राचा हा आद्य नमुना मानला जातो. बालपणीच त्यांचा विवाह शिऊर येथील एका प्रौढ बिजवराशी झाला. पुढे माहेरच्या अडचणींमुळे सर्व कुटुंबास गाव सोडावे लागले आणि भटकत ते कोल्हापुरास पोहोचले. तेथे कीर्तनश्रवणाने बहिणाबाईंच्या मनात भक्ती दृढ झाली. परंतु पत्नीची लोकांत होणारी वाखाणणी आणि तिने शूद्र म्हणून गणल्या गेलेल्या तुकारामांस गुरू मानणे पतीस असह्य झाले. त्याने तिला मारहाण केली व घर सोडून जाण्याचाही निश्चय केला. नंतर तो आजारी पडला, तेव्हा बहिणाबाईंनी त्याची शुश्रूषा केली. पतीचे मन पालटल्यावर दोघेही देहूस गेली. हे सर्व सांगताना बहिणाबाई पतीचा छळ लपवीत नाहीत आणि पतिव्रताधर्मही नाकारीत नाहीत. वेदांचा अधिकार नसलेल्या स्त्रीदेहात परमार्थ कसा साधावा, हा त्यांचा प्रश्न घराबाहेर पडून सुटणारा नव्हता. अखेरच्या काळात आपल्या पूर्वजन्मांची कथा त्यांनी पुत्र विठ्ठल यास सांगितली. संसारातून सुटण्याची वाटही अशा प्रकारे एका मातेने आपल्या मुलाशी केलेल्या संभाषणातूनच प्रकट झाली.

लिखित वाङ्मयाच्या बाहेर, पहाटेच्या दळणासमवेत गाइलेल्या जात्यावरच्या ओव्यांत कुटुंबजीवनाचे सर्वांत विस्तृत चित्र आढळते. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, सासूचा जाच, बाळाचे कौतुक, लेकीची पाठवणी हे त्यांचे नित्याचे विषय. घरात जे उघड बोलता येत नसे, ते जात्याच्या घरघरीत गाता येई. सुख आणि दुःख यांची वेगळी दालने ओवीत नाहीत. भाऊ न आल्याचे दुःख हे त्याच्यावरील मायेचेच दुसरे रूप असते. साने गुरुजींनी अशा ओव्यांचा संग्रह स्त्री जीवन या नावाने सिद्ध केला.

मुद्रणाच्या प्रसारानंतर कुटुंब हा कादंबरीचा विषय झाला. खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची पण लक्षात कोण घेतो! ही कादंबरी करमणूक या पत्रातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमुना ही मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील स्त्री आहे. पतीसमवेत मुंबईत थाटलेल्या बिऱ्हाडातील थोड्या दिवसांचे सुख आणि वैधव्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन यांतील विरोध वाचकास हादरविणारा आहे. घरातील दुःख हे केवळ दैवाचे नसून रूढीचे आहे, ही जाणीव या कादंबरीने वाचकांत रुजविली. मात्र यमुनेचा आवाज एका पुरुष लेखकाने दिलेला होता.

स्वतःच्या आवाजात सांगितलेली संसारकथा लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आढळते. त्यांचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथला. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने धाकात गेलेले बालपण, अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झालेला विवाह, पतीचा तापट तितकाच उदार स्वभाव आणि त्यापायी वारंवार मोडणारे बिऱ्हाड यांचे वर्णन त्या विनोदाने करतात. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. परंतु धर्मांतर त्यांनी तत्काळ केले नाही. जातिभेदाविषयी स्वतः विचार करून, मनाची खात्री पटल्यावरच त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीवर निस्सीम प्रेम असूनही त्याच्या विक्षिप्तपणाचा हिशेब चोख मांडणे, ही या ग्रंथाची विशेषता होय. १९३४ पासून तो चार भागांत प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण नव्हते. त्यांच्या गद्याचे सामर्थ्य घरगुती बोलण्याचे आहे.

याच सुमारास नाशिकच्या कारागृहात साने गुरुजींनी (१८९९–१९५०) श्यामची आई हे पुस्तक लिहिले. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्याचे लेखन झाले व १९३५ मध्ये ते प्रकाशित झाले. कथेतील घर कोकणातले आहे. श्याम रोज रात्री आश्रमातील मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. कर्जाने पोखरलेल्या घरात आईचे संस्कार हेच धन ठरते. मातृप्रेमाच्या वर्णनामुळे हे पुस्तक घरोघर पोहोचले. तथापि सावकाराचा अपमान, जप्तीची नामुष्की आणि औषधोपचाराअभावी झिजणारी आई हाही त्याचा तितकाच खरा आशय आहे.

जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी ‘संसार’ या शब्दाचा व्यावहारिक अर्थ प्रतिष्ठित केला. त्या निरक्षर होत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर शेती व मुले सांभाळताना त्या लेवा बोलीत गाणी रचीत. ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व मावसभाऊ यांनी टिपून ठेवली आणि बहिणाबाईंची गाणी (१९५२) या संग्रहाने मराठी वाचकांपुढे आली. चूल, जाते, पेरणी, मळणी यांतून त्या जीवनाचा अर्थ लावतात. संत बहिणाबाईंस संसार ओलांडून जावयाचा होता. या बहिणाबाईंनी तो चटक्यांसह पत्करला.

मराठी साहित्यातील हे घर दीर्घकाळ बहुधा उच्चवर्णीयांचे वा शेतजमीन असलेल्यांचे होते. नाशिकजवळील विहितगावचे बाबुराव बागूल (१९३०–२००८) यांच्या कथांनी ही मर्यादा उघड केली. त्यांच्या ‘आई’ या कथेतील विधवा दलित माता मजुरी करून मुलास वाढविते. परंतु दारिद्र्य, वस्तीतील कुजबूज आणि मुलाच्या मनात रुजलेला संशय यांपुढे त्यांचे नाते टिकत नाही. शाळेत शिकविले जाणारे मातृस्तवन आणि मुलास दिसणारी आई यांतील अंतर ही कथा दाखविते. वात्सल्याच्या गौरवालाही सुरक्षिततेचा आधार लागतो, हे तिच्यातून स्पष्ट होते.

वि. वा. शिरवाडकर (१९१२–९९) यांच्या नटसम्राट (प्रथम प्रयोग १९७०) या नाटकात कुटुंबातील सत्तेचे पारडे उलटते. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आपली मालमत्ता मुलांना वाटून देतो आणि त्यांच्याच घरी ओझे होतो. लेकीच्या घरी चोरीचा आळ आल्यावर तो पत्नी कावेरीसह बाहेर पडतो. शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया या कथेवर असली, तरी तिच्यातील घर मराठी मध्यमवर्गाचे आहे. सत्ता हातची गेल्यावर कर्त्या पुरुषासही सुनेची व लेकीची जुनी असहायता अनुभवावी लागते.

या सर्व कृतींत कुटुंब म्हणजे केवळ आसरा किंवा केवळ कारागृह, असा एकांगी निर्णय आढळत नाही. दुःख देणारी माणसे बहुधा प्रेमाचीच असतात. म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणे अवघड ठरते. ते बोलण्यासाठी अभंग, ओवी, आत्मचरित्र, कथा व नाटक अशी निरनिराळी साधने त्या त्या काळी उपलब्ध झाली. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास या साहित्याचे मोल विशेष आहे. दप्तरांत व खतपत्रांत घराचा कर्ता, त्याची जमीन आणि त्याचे कर्ज यांची नोंद मिळते. त्या घरात कोण उपाशी राहिले, कोणाची वाट पाहिली गेली आणि कोण मुकाट्याने रडले, याची नोंद मुख्यतः या साहित्यानेच ठेवली आहे.