पाटाकडील विरुद्ध दिलबहार : आठवणींतला इतिहास

मंडळी, कळससारख्या गावात खेळ म्हटला की आपल्याला आधी जत्रेतली कुस्ती आठवते. कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं, हे म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. कागदावर मात्र त्याची ओळसुद्धा नसते. कोल्हापूरच्या फुटबॉलकडे आपण याच वाटेने जाऊ.

तिथे पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना म्हणजे कॉलेजा-कॉलेजांतल्या ईर्षेच्याही वरताण. दोन्ही नावांपुढे ‘तालीम’ आहे, हे लक्षात घ्या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पुढे तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. म्हणून संघ पेठेचा, आणि हार अकरा जणांची नाही, घराघराची.

आता अडचण बघा. एकच सामना दोन पेठांत दोन तऱ्हांनी आठवला जातो. एकीकडे तो ‘गोल’ असतो, दुसरीकडे ‘ऑफसाइड’. खोटं कुणीच बोलत नसतं. निकाल वर्तमानपत्रात सापडेल. पण तो लोकांना किती लागला, हे आठवणीच सांगतात.

हीच आठवण तापली की तिचा दगड होतो. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने तिथले सामने थांबलेत, तेही आपण लिहायलाच हवं.

म्हणून आठवणी टिपायच्या तर दोन्ही पेठांत बसायचं. आणि लवकर बसायचं. सांगणारे आता थकत चाललेत.