चिनी सुलेखनशैली

कुंचला व शाईने चिनी चिन्हे लिहिण्याच्या कलेत पाच प्रमुख शैली मानतात. सर्वांत जुनी मुद्रालिपी (च्वानशू). इ. स. पू. २२१ मध्ये छिन राजवटीने चीन एकछत्री केल्यावर तिचे लघुरूप प्रमाण ठरले. शिक्के कोरताना ते आजही वापरतात. कारकुनी लिपी (लीशू) कचेरीतील लगबगीतून रुळली व हान काळात बहरली. तिच्यात चिन्हांची बैठक रुंद झाली आणि आडव्या रेषांची टोके डौलाने उंचावू लागली.

शीघ्रलिपी (त्साओशू) हे प्रमाणलिपीचे (खायशू) विसकटलेले रूप, हा समज चुकीचा आहे. प्रमाणलिपी स्थिरावण्याआधीच ती कारकुनी लिपीतून निघाली. तिच्यात रेषा गाळल्या किंवा जोडल्या जातात, त्यामुळे सरावाविना चिनी वाचकही अडखळतो. थांग काळात जांग श्यू व भिक्षू ह्वायसू यांनी तिला उन्मुक्त वळण दिले. प्रमाणलिपी शिकणारे यान जनचिंग (७०९–७८५) यांची भरदार अक्षरे गिरवतात.

प्रवाही लिपी (शिंगशू) शीघ्रलिपी व प्रमाणलिपी या दोहोंमधली. चौथ्या शतकातील वांग शीज यांची ‘लानथिंग’ प्रस्तावना (३५३) तिचा आदर्श मानली जाते; मूळ प्रत हरवली, नकला उरल्या. यान यांनी बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी ७५८ मध्ये लिहिलेला शोकलेखाचा मसुदा मात्र तैपेईच्या राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्यातील खाडाखोड आणि कोरडा पडत जाणारा कुंचला पाहिला की या शैलीची खरी ताकद कळते.