किल्ल्याची खतावणी

किल्ला बघायला जाणाऱ्या माणसांच्या साधारण चार जाती असतात. पहिली बुरुजावर उभी राहून छाती फुगवते. दुसरी तिथेच उभी राहून फोटो काढून घेते. तिसरी डबा उघडण्यासाठी सावली शोधते. चौथ्या जातीत बहुधा मी एकटाच आहे. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत आकड्यांखाली आकडे मांडल्यामुळे असेल, पण किल्ला दिसला की माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : याचे पैसे कोणी दिले?

या प्रश्नाला सव्याज उत्तर देणारा एक किल्ला वेल्समध्ये आहे. त्याचं नाव हार्लेक. मी तो पुस्तकांतूनच पाहिला आहे. बँकेच्या प्रवास-सवलतीत वेल्स बसत नाही.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे दोनशे फूट उंचीचा एक उभा कातळ आहे. त्याच्या माथ्यावर हा किल्ला समुद्राकडे तोंड करून बसला आहे. १२८२ साली वेल्सचा राजपुत्र लेवेलिन लढाईत मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो मुलूख गिळला. गिळलेलं पचलं पाहिजे, म्हणून त्याने किनाऱ्याने किल्ले उठवायला सुरुवात केली. हार्लेकचं काम १२८३ मध्ये सुरू झालं आणि १२८९ मध्ये संपलंसुद्धा. सहा वर्षांत! आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला सात लागली होती.

खर्च आला सुमारे ८,१९० पौंड. हा आकडा आपल्याला कळतो, तो कोणा भाटाच्या कृपेने नव्हे, राजाच्या कारकुनांच्या कृपेने. त्यांनी सगळं लिहून ठेवलं. १२८६ च्या ऐन हंगामातला हिशेब बघा : पाथरवट आणि गवंडी २२७, खाणीत दगड फोडणारे ११५, लोहार ३०, सुतार २२, आणि साधे मजूर ५४६. सवयीप्रमाणे मी टोटल मारून पाहिली. ९४० भरली. महिन्याचा खर्च जवळजवळ २४० पौंड. लढाया मारणाऱ्यांचे पुतळे होतात, पण सातशे वर्षं टिकेल अशी बेरीज करणाऱ्या कारकुनाच्या नावाने कुठे साधा चौकही नाही.

या कामाचा मुख्य होता सव्हॉयहून आलेला सेंट जॉर्जचा मास्टर जेम्स. १२८४ मध्ये राजाने त्याला तहहयात रोज तीन शिलिंग बांधून दिले. शिवाय तो आधी गेला, तर त्याच्या बायकोला, अँब्रोसियाबाईंना, रोज दीड शिलिंग. म्हणजे चक्क फॅमिली पेन्शन! पुढे १२९० ते १२९३ हा जेम्स हार्लेकचा किल्लेदारही झाला. स्वतः बांधलेल्या घरात राहायला जाण्याची हिंमत फार थोड्या बिल्डरांत असते.

आता मूळ प्रश्न. पैसे कोणाचे? तर इटलीतल्या लुक्का गावच्या रिकार्डी नावाच्या पेढीचे. राजाच्या तिजोरीत पैसे यायचे सावकाश आणि जायचे भराभर. मधली फट रिकार्डी भरून काढत. १२७२ ते १२९४ या काळात त्यांनी एडवर्डला दिलेली रक्कम चार लाख पौंडांच्या घरात जाते. तारण काय? इंग्लंडची लोकर. १२७५ पासून परदेशी जाणाऱ्या लोकरीच्या दर पोत्यावर अर्धा मार्क, म्हणजे सहा शिलिंग आठ पेन्स जकात बसली आणि ती वसूल करण्याचं काम रिकार्डींकडेच होतं. थोडक्यात, दगड वेल्सचे, लोकर इंग्लंडच्या मेंढ्यांची आणि भांडवल इटलीचं. एडवर्डचं त्यात काय होतं? अर्थात सही.

१२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं. राजाने पेढीकडे मोठी रक्कम मागितली. पेढीचा पैसा जागोजागी अडकलेला. ती देऊ शकली नाही. तेव्हा राजाने जकात काढून घेतली आणि इंग्लंडमधली तिची मालमत्ता ताब्यात घेतली. बँकेने कर्जदाराच्या घरावर जप्ती आणलेली मी पाहिली आहे. कर्जदाराने बँकच जप्त केल्याचं मात्र इथे पहिल्यांदाच वाचलं. पुढल्या काही वर्षांत रिकार्डी बुडाले. त्यांच्या जागी फ्लॉरेन्सचे फ्रेस्कोबाल्डी आले. १३११ साली त्यांचीही इंग्लंडमधून उचलबांगडी झाली.

त्याच १२९४ सालात वेल्समध्ये मॅडॉगने बंड केलं आणि हार्लेकला वेढा पडला. आत माणसं किती? सदतीस! पण कातळाच्या पायथ्याशी तेव्हा समुद्र होता आणि तिथून वर किल्ल्यात १०८ पायऱ्यांची वाट होती. आयर्लंडहून गलबतांतून धान्य आलं आणि किल्ला तगला. तट बाहेरच्याला अडवतो, पण आतल्याला जगवतो तो जिना.

बंड मोडल्यावर १२९५ मध्ये जेम्सने अँगलसी बेटावर बोमॅरिसचा नवा किल्ला काढला. १२९६ च्या फेब्रुवारीत त्याने आणि तिथल्या हिशेबनिसाने राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्याचा आशय असा : मजुरांचा पगार थकला आहे, त्यांच्यापाशी पोटाला काही उरलेलं नाही, त्यांना कामावर धरून ठेवणं कठीण झालं आहे. देवाच्यान लवकर पैसे पाठवा, नाहीतर केलेलं सगळं फुकट जाईल. हे वाचताना मात्र मला विनोद सुचला नाही. राजाचा पैसा नंतर स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला. बोमॅरिसचे बुरूज ठरल्या उंचीला कधीच पोचले नाहीत. पेढी जिवंत असताना उठलेला हार्लेक पुरा झाला, पेढी बुडाल्यावर काढलेला बोमॅरिस अर्धा राहिला. इतिहासकार यात आणखी कारणं दाखवतील. पण माझ्या लेखी एवढंच पुरेसं आहे.

पुढे १४०४ मध्ये वेल्सच्या ओवेन ग्लिनडूरने हार्लेक घेऊन तिथे आपला दरबार भरवला. १४०९ मध्ये इंग्रजांनी आतली रसद संपवून तो परत घेतला. १४६८ मध्ये लँकेस्टर पक्षाचा आणि १६४७ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सच्या पक्षाचा तो अखेरचा किल्ला ठरला. हरणाऱ्या बाजूला शेवटपर्यंत चिकटून राहण्याचा त्याचा हा गुण आमच्या युनियनलाही मान्य व्हावा.

मग समुद्रानेच साथ सोडली. वाळू साठत गेली. आज तो पायथ्यापासून जवळजवळ किलोमीटरभर दूर आहे. पायऱ्या अजून उतरतात, पण खाली गलबत लागत नाही.

१९८६ पासून हार्लेक जागतिक वारसा यादीत आहे. त्याची देखभाल वेल्स सरकारचं खातं करतं आणि तिकीटही तेच फाडतं. म्हणजे ज्यांना दाबण्यासाठी किल्ला बांधला, त्यांच्याच गल्ल्यात आज पैसे पडतात. सातशे वर्षं नुसतं नावे पडत आलेलं हे खातं अखेर जमेकडे वळलं. फक्त खातेदार बदलला, आणि रिकार्डींचं मुद्दल तेवढं अजून येणं आहे.