पवनचक्कीच्या पात्यांवरील वायुप्रवाह नियंत्रण

पवनचक्कीच्या पात्यांवरील वायुप्रवाह नियंत्रण म्हणजे पात्यांचा आकार, कोन व जोडभाग यांच्या साहाय्याने त्यांवरून वाहणाऱ्या हवेला इष्ट वळण देण्याचे तंत्र होय. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव येथे पठारांवर अनेक पवनचक्क्या आहेत. तेथे पावसाळ्यात वारे प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून वाहतात. त्यामुळे पुढच्या यंत्राचा मागच्या यंत्रावर होणारा परिणाम महत्त्वाचा ठरतो.

कारणे

पवनचक्की वाऱ्यातील ऊर्जा काढून घेते, म्हणून तिच्यामागे मंद व भोवऱ्यांनी भरलेला प्रवाह उरतो. यास ‘वेक’ म्हणतात. वेकमध्ये सापडलेल्या यंत्राची वीजनिर्मिती घटते आणि पात्यांवरील ताण वाढतो. पात्यालगतच्या हवेच्या पातळ सीमास्तरातील खळबळ मागच्या कडेवरून जाताना आवाज होतो. पात्याच्या टोकाचा वेग वाढला की हा आवाज झपाट्याने वाढतो.

उपाय

* भोवरा-पंख: पात्यावरील छोटे उभे पंख सीमास्तर पृष्ठभागापासून सुटू देत नाहीत.
* दातेरी कडा: मागच्या कडेवरील दाते आवाज कमी करतात. घुबडाच्या पिसांच्या झालरीवरून ही कल्पना सुचली.
* गतिनियंत्रण: रात्री पात्यांचा कोन बदलून वेग कमी केला जातो. भारतात निवासी क्षेत्रासाठी रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे.
* दिशाबदल: पुढचे यंत्र किंचित तिरपे वळवल्यास वेक मागच्या यंत्राच्या बाजूने निघून जातो. पुढच्या यंत्राची वीज थोडी घटली, तरी एकूण उत्पादन वाढू शकते.

मर्यादा

आल्बर्ट बेट्झ यांच्या सिद्धांतानुसार वाऱ्यातील जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते. ऊर्जा काढली की वारा मंदावतोच, त्यामुळे वेक पूर्णपणे टाळता येत नाही.